दर्याचे सरखेल कान्होजी आंग्रे

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी तरी लिहून द्याव्यात, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम अंगच काढून घेतले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय म्हणजे दुधाचा हिशेब आणि वाण्याची यादी, एवढीच. फार तर जवळ्याच्या वड्यांची कृती लिहून द्यावी असे मनात होते. परंतु मध्यंतरी घरात एक लहानशी गोष्ट घडली आणि कृती बाजूला राहून हा लेख लिहायला बसले. चुकले-माकले तर आपलीच म्हणून सांभाळून घ्यावे.

झाले असे, की माझ्या धाकट्याच्या शाळेत वेशभूषेची स्पर्धा होती. एका डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार, डोक्यावर कवटीचे चित्र काढलेली टोपी असा चाचा होऊन तो उभा राहिला. आम्ही सगळे हसलो. घरी आल्यावर त्याने मोठ्या अभिमानाने मला सांगितले, की आपल्या आजोळाकडचे कान्होजी आंग्रे हेदेखील असेच समुद्री चाचे होते. मोबाईलवर तसे लिहिलेले आहे. माझ्या हातातली पोळी तव्यावरच करपली. त्याला काय उत्तर द्यावे ते मला चटकन सुचले नाही, हे मी लपवीत नाही.

माझे माहेर अलिबागजवळचे थळ. आमच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात दोन बेटे दिसतात. जवळचे उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे खांदेरी. खांदेरीवर वेताळाचे स्थान आहे. आमचे कोळी बांधव होड्या घेऊन त्याच्या दर्शनाला जातात. लहानपणी वडिलांच्या होडीतून मीही गेले आहे. तिथे एक खडक आहे, त्यावर दगडाने ठोकले तर भांड्यासारखा नाद निघतो. रात्री तिथल्या दीपगृहाचा उजेड फिरायचा आणि माझी आजी आंग्र्यांच्या गोष्टी सांगायची. ज्याच्या नावावर आमच्या गावचे लोक आजही मान ताठ करतात तो माणूस चाचा होता की काय, हे मुलाला सांगायचे तर आधी मलाच नीट कळले पाहिजे, असे वाटले. मग मंडळाच्या वाचनालयातून पुस्तके आणली, दुपारची झोप सोडली आणि वाचले. जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते.

कान्होजींचा जन्म सुमारे १६६९ सालचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातल्या आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या पदरी, हर्णै बंदरासमोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर चाकरीस होते. त्यामुळे घाटावरचे हे कुटुंब कोकणात आले आणि मुलगा दर्याच्या काठी वाढला. हर्णैला एका ब्राह्मणाच्या घरी राहून कान्होजींनी लहानपणी गुरे राखली, असे सांगतात. खारा वारा, भरती-ओहोटी, कोळ्या-खारव्यांची मुले, हीच त्यांची शाळा. त्या शाळेत जे शिकायला मिळाले ते पुढे फिरंग्यांच्या मोठमोठ्या कप्तानांनाही ठाऊक नव्हते.

महाराजांनी आपल्या हयातीतच समुद्राचे महत्त्व ओळखले होते. १६७९ साली त्यांनी आमच्या समोरच्या खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावरच हे बेट असल्याने इंग्रजांनी तारवे पाठवून काम बंद पाडण्याची खटपट केली. परंतु मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या माणसांनी रात्री-बेरात्री लहान होड्यांतून सामान पोचवून बांधकाम नेटाने चालूच ठेवले. जंजिऱ्याच्या सिद्द्याने मग शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. म्हणजे एका बेटावर आपण आणि हाकेच्या अंतरावर शत्रू. आजीच्या गोष्टीतली ती दोन बेटे अशी एकमेकांकडे डोळे वटारून बसलेली होती.

पुढे फार वाईट दिवस आले. १६८९ साली संभाजी महाराज मारले गेले, रायगड गेला, राजाराम महाराजांना दूर जिंजीला जावे लागले. औरंगजेबाची अफाट फौज देशावर पसरली. कोकणातले किल्ले सिद्द्याच्या आणि मोगलांच्या हाती जाऊ लागले. सुवर्णदुर्गालाही वेढा पडला. त्या वेळी किल्लेदार फितूर होण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी तो बेत हाणून पाडला, किल्ल्यातल्या माणसांना धीर दिला आणि किल्ला राखला, अशी हकीकत सांगितली जाते. वरून मदत नाही, पगाराचा ठिकाणा नाही, राजा शेकडो कोस दूर. अशा वेळी ज्याने माणसे एकत्र धरून ठेवली त्याच्याच मागे लोक जातात. कान्होजींनी एकेक किल्ला परत मिळवला. १६९८ साली आरमाराचे मुख्य सिधोजी गुजर वारले आणि राजाराम महाराजांनी कान्होजींना सरखेल केले. सरखेल म्हणजे सगळ्या आरमाराचा मुख्य. तेव्हा त्यांचे वय अवघे तिशीच्या आत-बाहेर होते.

आता त्या वेळचा आपला मुलूख कसा होता ते डोळ्यांपुढे आणा. आपण आज लोकलने मुलुंडहून निघतो, घाटकोपर, कुर्ला करीत बोरीबंदरला उतरतो. तेव्हा आपले मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली हा सगळा भाग साष्टी बेटात मोडत होता आणि इथे पोर्तुगीज फिरंग्यांचा अंमल होता. वसई त्यांची, चौल-रेवदंडा त्यांचे. खालची मुंबई इंग्रजांची. जंजिरा सिद्द्याचा. आणि या सगळ्यांच्या मध्ये, अलिबागचा कुलाबा किल्ला, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही आपली ठाणी. आपल्या मुंबईतला कुलाबा निराळा आणि अलिबागचा निराळा, एवढे लक्षात ठेवावे. अलिबागच्या कुलाब्याला ओहोटीत पायी जाता येते. आत गोड्या पाण्याचा साठा आहे. तिथेच कान्होजींचे मुख्य ठाणे होते. अलिबाग शहर वसवले तेही त्यांनीच, असे मानतात. १७२० साली त्यांनी तिथे हिराकोट बांधला.

आता चाचा या शब्दाकडे येते. कान्होजींचा नियम असा होता, की मराठ्यांच्या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत न्यायचे तर सरखेलांचा दस्तक घ्यावा, म्हणजे परवाना घ्यावा आणि त्याची ठरलेली रक्कम भरावी. ज्याच्याजवळ दस्तक आहे त्याला कोणी हात लावायचा नाही. ज्याच्याजवळ नाही त्याचे जहाज पकडायचे. आता मला सांगा, यात चाचेगिरी कुठे आली? पोर्तुगीज तर याच्या दोनशे वर्षे आधीपासून हेच करीत होते. त्यांचा परवाना नसेल तर आपल्या लोकांची तारवे ते पकडीत, जाळीत. त्यांनी केले तर तो कायदा आणि आपल्या माणसाने आपल्याच दारात केले तर ती लूट, असा हा न्याय. आपल्या अंगणातून भाजीवाल्याने गाडी न्यावी आणि आपण विचारले तर आपल्यालाच चोर म्हणावे, तसे झाले. इंग्रजांचे म्हणणे असे, की कंपनीच्या जहाजांना दस्तक लागू नाही. पण कंपनीच्या निशाणाखाली खासगी व्यापाऱ्यांचा मालही बिनबोभाट जात असे आणि भांडण त्यावरूनच पेटत असे. कान्होजींच्या पाठीशी छत्रपतींची सनद होती. ज्याच्याजवळ सनद आहे आणि जो धन्याच्या नावाने जकात घेतो त्याला चाचा म्हणता येत नाही. पण इतिहास लिहिणारी लेखणी पुष्कळ दिवस त्यांच्याच हातात होती.

तरी एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. १७१२ सालच्या नोव्हेंबरात आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे जहाज पकडले. कारवारच्या वखारीचा नवा मुख्य चाऊन हा त्याच काफिल्यातून आपल्या बायकोसह तिकडे निघाला होता. लढाईत तो मारला गेला. त्याची बायको कॅथरिन हिचे वय विशीच्याही आतले. ती आधीच एकदा विधवा झालेली, आणि हे दुसरे लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. तिला कुलाब्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि ३०,००० रुपये दंड घेऊन १७१३ च्या फेब्रुवारीत सोडले. तेव्हाच्या लढायांत अशी रीत सगळेच पाळीत, इंग्रजही पाळीत. तरीही वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती परमुलखातली पोर आली. समुद्रात उभ्या असलेल्या त्या किल्ल्यात, ज्याची भाषा कळत नाही अशा लोकांत, नवऱ्याचे सुतक धरून तिने ते महिने कसे काढले असतील? मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना अशी गोष्ट गाळावी असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. आपला माणूस आपला असतो, त्याच्या उण्यासकट.

कान्होजींचे बळ कशात होते? त्यांची जहाजे इंग्रजांच्या जहाजांहून लहान. दोन-तीन डोलकाठ्यांची गुराबे आणि वल्ह्यांनी चालणारी हलकी गलबते. वारा पडला, की मोठे जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राही. तेव्हा ही गलबते वल्ही मारीत गुराबांना दोरांनी ओढीत आणीत, शत्रूच्या पाठीमागून, जिकडे त्याच्या तोफा थोड्या तिकडून मारा करीत. भरती केव्हा चढते, खडक कुठे आहे, कोणत्या खाडीत लपता येते, हे पिढ्यानपिढ्या मासे मारणाऱ्या लोकांना ठाऊक होते. त्यांच्या आरमारात कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान असे सर्व जातींचे लोक होते, काही युरोपी गोलंदाजही होते. एकाच्या हातात वल्हे, एकाच्या हातात सुकाणू, एकाच्या हातात तोफेची बत्ती. एकाने हात आखडला तर सगळे बुडायचे. माझे वडील सांगत, की होडीत बसल्यावर कोणी कोणाचे भांडण काढायचे नाही. ते किनाऱ्यावर उतरल्यावर. मला वाटते, आंग्र्यांच्या आरमाराचा नियमही तोच असावा.

घरच्या भांडणातही एकदा त्यांनी मोठे शहाणपण दाखवले. त्या वेळी ताराबाईंची आणि शाहू महाराजांची अशा मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या होत्या आणि कान्होजी ताराबाईंच्या पक्षाला होते. १७१३ साली शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. आता पुढे सातारा दूर नव्हता. अशा वेळी शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद देऊन पाठवले. बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे कोकणातलेच. दोघे भेटले, बोलले आणि तह झाला. कान्होजी शाहू महाराजांना मिळाले, पिंगळ्यांना सोडले, आणि सरखेली व लहान-मोठे सव्वीस किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. तलवार म्यानात घालायलाही हिंमत लागते.

त्यानंतर इंग्रजांनी आंग्र्यांना संपवण्याचा चंगच बांधला. १७१५ च्या अखेरीस बून नावाचा गव्हर्नर मुंबईस आला. त्याने गावाभोवतीची तटबंदी पुरी केली, लढाऊ जहाजे बांधायला काढली. आपण आज ज्याला फोर्ट म्हणतो तो भाग म्हणजे त्या तटाच्या आतले गाव, आणि चर्चगेट हे त्या तटाच्या एका दरवाज्याचे नाव. तट राहिला नाही, पण गाडीत चर्चगेटचे नाव ऐकले की मला आता कान्होजींची आठवण येते. १७१७ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. १७१८ साली बून स्वतः आमच्या खांदेरीवर चालून आला आणि हात हलवीत परतला. १७२० साली तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्ग गाठला. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

शेवटी १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. विलायतेच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन मॅथ्यूज नावाचा कमोडोर आला, गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला आणि सुमारे सहा हजार फौज अलिबागला उतरली. कान्होजींचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढचे. शाहू महाराजांनी तरुण पेशवे बाजीराव यांना मदतीस धाडले. त्यांचे घोडदळ घाट उतरून आले. कुलाबा पडला नाही. उलट शत्रूंमध्येच धुसफूस सुरू झाली. एकाचे खापर दुसऱ्याच्या डोक्यावर. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगिजांनी मराठ्यांशी परस्पर तह करून टाकला आणि इंग्रज एकटे पडून मुंबईस परतले. बाहेरून दोघे एकत्र होते, आतून नव्हते. कान्होजींचे तसे नव्हते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेस आहे. तीस वर्षे दर्या राखणारा हा माणूस समुद्रात बुडून नव्हे की लढाईत नव्हे, आपल्या घरी गेला, आणि मरेपर्यंत एकाही परदेशी आरमाराला त्याने हार दिली नाही. चरित्र इथे संपवले असते तर किती बरे झाले असते! पण खरी शिकवण पुढेच आहे.

कान्होजींना तीन बायका, मथुराबाई, लक्ष्मीबाई आणि गहिनाबाई. आणि सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी, धोंडजी असे मुलगे. थोरले सेखोजी सरखेल झाले, त्यांनी घर सांभाळले. पण १७३३ साली ते वारले. मग संभाजी आणि मानाजी यांचे जुंपले. एकेकाने पेशव्यांकडे जावे, फिरंग्यांकडे जावे, मदत मागावी. अखेर घर दुभंगले. कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग संभाजींकडे. संभाजींच्या मागून तुळाजी आले. ते शूर, पण त्यांचे पेशव्यांशी पटेना. मग जे व्हायला नको तेच झाले. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ साली सुवर्णदुर्ग गेला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे सगळे आरमार जाळून टाकले. जे बून आणि मॅथ्यूज यांना कान्होजींच्या हयातीत जमले नाही ते घरच्या वैराने करून दिले. तुळाजी कैदेतच वारले. अलिबागची गादी १८४० पर्यंत टिकली आणि मग तीही कंपनीने खालसा केली.

हे वाचले तेव्हा मला माझी लाज वाटली. का ते सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहेच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाच्या विक्रीवरून मंडळात वाद झाला. हिशेबात थोडा फरक आला होता. मी तावातावाने बोलले आणि चार बायकांना घेऊन बाहेर पडले. त्या संक्रांतीला आम्ही दुसऱ्या इमारतीत वेगळे हळदीकुंकू केले. समोरासमोर राहणाऱ्या बायका एकमेकींना पाहून जिन्यात खाली मान घालू लागल्या. पुढे आपल्या एका मैत्रिणीचे यजमान अचानक आजारी पडले. मी तिच्याकडे डबा घेऊन गेले, तो ज्यांच्याशी मी भांडले होते त्याही डबा घेऊन जिना चढत होत्या. दोघी थांबलो. दोघींच्या डब्यांत मुगाची खिचडीच होती. हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. त्यानंतर मी मंडळात परत आले. हिशेबातला फरक निघाला होता तो माझ्याच वहीतल्या बेरजेचा, हे आज छापून कबूल करते.

आपल्या मंडळाचे किल्ले नाहीत की आरमार नाही. पण एक वाचनालय आहे, शिवणाचा वर्ग आहे, अडीनडीला धावणाऱ्या बायका आहेत. हे पंचवीस वर्षांत पै-पै करून जमवले आहे. ते बाहेरचा कोणी मोडणार नाही. मोडले तर आपल्याच हातांनी मोडेल. होडीत असताना भांडण काढायचे नाही, हा माझ्या वडिलांचा नियम मी आता मंडळात येताना पदराला गाठ मारून आणते.

मुंबईच्या नौदलाच्या तळाला १९५१ सालापासून कान्होजींचे नाव आहे, आयएनएस आंग्रे. खांदेरी बेटालाही आता त्यांचेच नाव दिले आहे. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही आहेत. ज्याला चाचा म्हणून हिणवले त्याचे किल्ले आता सगळ्या जगाने सांभाळायचे आहेत.

मे महिन्यात मुलाला घेऊन माहेरी गेले होते. थळच्या किनाऱ्यावर उभे राहून त्याला दोन्ही बेटे दाखवली आणि हे सगळे जमेल तसे सांगितले. पुष्कळ वेळ तो गप्प होता. मग पुढच्या वर्षी शाळेत सरखेल व्हायचे तर कपडे कसे असतात, एवढेच त्याने विचारले. अंगरखा मी शिवीन. आपल्या शिवणाच्या वर्गाचा उपयोग व्हायचा तो असा. डोळ्यावरची पट्टी मात्र आम्ही केराच्या डब्यात टाकली आहे.

मंडळाची अशीच भरभराट होवो आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपण सगळ्याजणी एकत्र असू, हीच वेताळाच्या चरणी प्रार्थना.